जाताना मोटर, येताना वारा

बोरी बुद्रुकला साडूच्या नव्या घराची वास्तुशांत होती. पंगत बसली होती, ताटात मासवडी आणि तर्रीचा रस्सा, आणि शेजारच्या पाहुण्याला मी माझ्याच कुठल्यातरी फजितीचा किस्सा रंगवून सांगत होतो. तेवढ्यात शिनोलीहून भिवाच्या मुलाचा फोन आला. "मास्तर, आबा गेले. सकाळी चहा घेतला, जरा पडतो म्हणाले, ते..." मी "बरं" म्हणालो. माणूस गेल्याची बातमी ऐकून "बरं" म्हणणारा तालुक्यात मी एकटाच असेन. मग फोन खिशात ठेवला, किस्सा पुरा केला, ताट पुरं केलं, वर रस्साही मागून घेतला. कुणाला काही बोललो नाही. हात धुवायला उठलो तो खरकट्या हातानंच एसटीच्या थांब्याकडं चालायला लागलो, तेव्हा कुठं कळलं की बातमी आत पोचली आहे. पुढं नारायणगाव, मंचर, घोडेगाव अशा गाड्या बदलत शिनोलीला उतरेपर्यंत लोक मातीवरून परतून अंगणात बसले होते. आयुष्यभर मी प्रत्येक ठिकाणी उशिरा पोचलो. भिवाच्या बाबतीत तरी वेगळं कशाला होईल...

याला आता दीड महिना झाला. या दीड महिन्यात लिहायला तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. थकवा म्हणतात तो कामाचा नसतो, हे निवृत्त झाल्यावर समजायला लागलं.

भिवा मेंढपाळाच्या घरातला. बापानं मेंढरं राखली, यानं थोडी राखली, थोडी शेती केली, आणि डिंभ्याच्या धरणाचं पाणी जवळ आल्यावर मासे धरायला होडी घेतली. मेंढरामागं चालणारा माणूस पाण्यावर बसला याची गावानं सुरुवातीला टिंगल केली. पण चिलापी कुठल्या खडकाला असते आणि कटला कुठल्या वळणात फिरतो हे त्याला चराऊ रानासारखं पाठ झालं. मी त्याच गावचा, हायस्कूलात विज्ञान शिकवायचो. निवृत्तीनंतर वेळ जाईना म्हणून त्याच्या होडीत बसायला लागलो. माझं काम गप्पा मारणं, त्याचं काम जाळी. मासे माझ्या गप्पांनी पळतात असं त्याचं म्हणणं होतं, तरी रोज पहाटे माझ्या दारात येऊन तो खाकरायचा.

मग त्याच्या छातीत दुखलं. डॉक्टरांनी वल्हं मारायचं नाही म्हणून सांगितलं. ठकूवहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, वल्हं थेट माळ्यावर टाकलं. भिवा ओट्यावर बसला आणि भीमाशंकरच्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या बघायला लागला. आठवडाभरात तो इतका म्हातारा दिसायला लागला की मला बघवेना. मला वल्हं मारता येत नव्हतं. पुण्यातल्या एका हौशी गळ टाकणाऱ्याकडं होडीला लावायची विजेची जुनी मोटर होती, ती मी आणली. छोटासा पंखा, पाच गिअर, आणि खाली ठेवायला एक भलीमोठी बॅटरी. धरणावरची पोरं म्हणाली, मास्तरांनी होडीला मिक्सर लावला. वहिनींनी अट घातली: मोटर चालते तोवरच जायचं, आणि मास्तर बरोबर पाहिजेत. म्हणजे भिवाचं पाण्यावर जाणं त्या बॅटरीवर टांगलं गेलं. ती गेली की हा परत ओट्यावर.

ही गोष्ट त्याला पहिल्या दिवशीच समजली. मला समजायला वेळ लागला. मी पाचव्या गिअरवर होडी पिटाळायचो आणि दीड तासात बॅटरी मान टाकायची. भिवानं दोन दिवस बघितलं आणि मला मोटरीपासून उठवलं. "मेंढरू दमून बसलं की उठत न्हाई मास्तर. दमायच्या आधी बसवायचं." मग त्यानं स्वतःची रीत बसवली. गिअर दुसराच. उथळ पाण्यात मोटर वर उचलायची आणि मी बांबू टेकत होडी ढकलायची. पंख्याला गवत गुंडाळलं की आधी ते काढायचं, कारण अडकलेला पंखा दुप्पट बॅटरी खातो. अर्धी बॅटरी सरायच्या आत परत फिरायचं. किनाऱ्याला लागलं की मासे नंतर, चहा नंतर, आधी चार्जिंग. बॅटरीच्या टोकांवर पांढरं साचलं की कोमट पाण्यात खायचा सोडा घालून धुवायचं. आणि सगळ्यात मोठी गोष्ट वाऱ्याची. आमच्याकडं सकाळी पाणी आरशासारखं असतं, दहा-अकराला डोंगराकडून वारा सुटतो. म्हणून पहाटे मोटरीवर पश्चिमेला जायचं, जाळी काढायची, आणि मोटर बंद करून थांबायचं. वारा सुटला की दोन बांबूंना ताडपत्री बांधून तो होडी फुकट घरी आणायचा. जाताना मोटर, येताना वारा. मी तीस वर्षं पोरांना ऊर्जेचे प्रकार शिकवले, त्यातला एकही कधी वापरला नव्हता.

तो मला हायड्रोमीटर कसा धरायचा तेही शिकवायला लागला. गॅरेजवाल्याकडून त्यानं तो मागून आणला होता. काचेच्या नळीत अॅसिड ओढायचं आणि आतला तरंगता काटा कुठं थांबतो ते बघायचं, त्यावरून बॅटरी किती भरलीय ते कळतं. मला ते पुस्तकातून माहीत होतं. भिवा ती नळी डोळ्याला लावून दुधात पाणी तपासणाऱ्यासारखा बघायचा.

दुसऱ्या वर्षी त्याला पुण्याला दवाखान्यात न्यावं लागलं. दोन महिने तिकडंच होता. जाताना एकच बोलला, बॅटरीकडं लक्ष ठेवा. आता पुढचं लिहायला मला लाज वाटते, पण लाज वाटेल असं लिहिण्याचीच मला सवय आहे. माझा जावई आला होता. त्याला धरण दाखवायचं म्हणून मी होडी काढली. पाचवा गिअर. वाऱ्याच्या तोंडावर. जावयाला सांगत होतो की हे सगळं मी बसवलंय. भर पाण्यात मोटरीनं घरघर केली आणि बंद पडली. वल्हं माळ्यावर, ताडपत्री शेडात. जावयानं आणि मी बांबूनं आणि हातानं पाणी ओढत, आणि शेवटी मासेमारांच्या होडीला दोर बांधून, किनारा गाठला. मुलीला हे आजही माहीत नाही. घरी आलो, हात सोललेले, जावयापुढं तोंड लपवायची घाई. बॅटरी शेडात ठेवली आणि चार्जिंगला लावायची उद्यावर टाकली. उद्या लग्न होतं, परवा दुसरं. पाच आठवडे ती तशीच रिकामी पडून राहिली.

भिवा येणार कळल्यावर बॅटरीची झाकणं उघडली. आत पाणी खाली गेलेलं, शिशाच्या पट्ट्यांवर खडूसारखा पांढरा थर. डिस्टिल्ड वॉटर घोडेगावात मिळतं, पण मला पंधरा किलोमीटर जायचा कंटाळा आला... नाही, खोटं कशाला, घोडेगाव हाकेवर आहे. कुणी बघेल याची भीती वाटली. घरात लग्नातून उरलेला पाण्याचा जार होता. फिल्टरचं पाणी, म्हणजे शुद्धच, असं मी स्वतःला समजावलं आणि ते ओतलं. ज्या माणसानं तीस बॅचेसना पाण्यातले क्षार शिकवले त्यानं बॅटरीत जारचं पाणी ओतलं. काठोकाठ. चार्जिंगला लावल्यावर ते उतू गेलं आणि शेडाच्या फरशीवर आजही त्याचा डाग आहे.

भिवा आला. बारीक झालेला, आवाज खाली गेलेला. दुसऱ्याच दिवशी बॅटरीपाशी बसला. मी म्हणालो, "उन्हानं जरा मंदावलीय रे." तो "आसंल" म्हणाला. त्यानं आतलं पाणी काढलं, नवं अॅसिड घातलं, लहान चार्जरवर दोन-तीन दिवस हळूहळू भरली, सोडली, परत भरली. माझ्याशी बोलत बोलतच करत होता, जनावराच्या पायातला काटा काढतात तसं. जितकी जगली तितकी जगली. पूर्वीच्या एक तृतीयांश.

मग धरण लहान व्हायला लागलं. पाणी तेवढंच, पण आमचं धरण लहान. आधी लांबच्या वळणाचं जाळं सोडलं. पुढं मधल्या खडकाचं. मग फक्त पहिल्या ओढ्याच्या तोंडापर्यंत. तिथंही तो मोटर चालू-बंद करत जायचा, थोडं ढकललं की बंद, होडी वाहील तितकी वाहू द्यायची. मोटर बंद झाली की त्याच्या श्वासाचा आवाज यायचा. तो ऐकू येऊ नये म्हणून मी बोलत राहायचो, नको तेवढं. त्यापेक्षा मी गप्प बसलो असतो तर कदाचित त्याला बरं वाटलं असतं, पण गप्प बसलो की ती पाच आठवड्यांची गोष्ट तोंडाशी यायची.

एका सकाळी आलीच. ओढ्याच्या तोंडाशी वाऱ्याची वाट बघत बसलो होतो. जाळ्यात दोन चिलापी. मी सगळं सांगितलं, जावई, पाचवा गिअर, लग्नं, जारचं पाणी. त्याच्याकडं न बघता सांगितलं. जाळ्याची गाठ सोडवता सोडवता तो म्हणाला,

"मला म्हाईत हाय."

"काय माहीत आहे?"

"आलो त्याच्या दुसऱ्याच दिशी काटा टाकून बघितला व्हता. रिकामी पडून ऱ्हायल्याबिगर पट्ट्या आश्या व्हत न्हाईत. आन जावयाला दोर बांधून आणलेलं तर अख्ख्या धरणानं बघितलंय मास्तर."

मी विचारलं, मग इतके दिवस बोलला का नाहीस?

"बोललो असतो तर तुमी लाजून होडीत आला नसता. मग ठकीनं मला सोडलं असतं का? बॅटरी तिसरा हिस्सा ऱ्हायली, मास्तर तरी पुरं ऱ्हाऊंद्या म्हणलं."

हसला. मग खोकला. मग परत गाठीला लागला. वारा सुटला तसा त्यानं ताडपत्री धरली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा एक कोपरा माझ्या हातात दिला. त्याचा हात आता ताण घेत नव्हता, हे मला तेव्हा कळलं नाही. मी समजत होतो की मला माफी मिळाली म्हणून मानाचा कोपरा मिळाला. असा मी.

त्यानंतर आम्ही चार-पाच वेळा गेलो असू. मग बोरीची वास्तुशांत आली.

तेराव्यानंतर वहिनींनी होडी माझ्या हवाली केली. म्हणाल्या, घरी ठेवून सडेल. माळ्यावरचं वल्हंही त्यांनीच काढून दिलं. एकट्यानं पहिल्यांदा गेलो तेव्हा होडीचं नाक वर उचललं आणि ती गोल गोल फिरायला लागली. मागं मी, पुढं कुणीच नाही. किनाऱ्यावरची पोरं हसायला लागली, आणि त्यांचं बरोबरच होतं. परत आलो, मोटर काढून शेडात टांगली आणि बॅटरी भिवाच्या जागेवर, पुढच्या फळीखाली ठेवली. आता ती पंखा काही फिरवत नाही. तिचं वजन मात्र भिवाच्या शेवटच्या महिन्यांतल्या वजनाच्या जवळपास येतं, असं माझं आपलं उगीच वाटणं. होडी सरळ चालते.

ओढ्याच्या तोंडापर्यंत वल्हवत जातो. दोन वेळा थांबावं लागतं. जाळं काढून होतं तोवर साडेनऊ वाजलेले असतात. वल्हवत परत यायला काही हरकत नाही, छाती माझी ठीक आहे. पण मी वल्हं आत ओढून घेतो आणि बसून राहतो. पाणी हलत नाही. ताडपत्री मांडीवर असते. तोंड बंद ठेवायला जमू लागलंय थोडं थोडं. समोरच्या डोंगरावरचं गवत आधी वाकतं, मग इकडं पाण्यावर सुरकुती येते...