काठी सातीच्या दारात

आमच्या करकाया गावात पाहुणा कुणा एकाचा नसे, अख्ख्या गावाचा असे. मशिदीशेजारच्या पाहुणेघरात तो उतरायचा आणि ज्या घराच्या दाराला काठी टेकलेली असेल, त्या घरून त्याचं ताट जायचं. दुसऱ्या दिवशी काठी पुढच्या दारी. तीन दिवस पाहुण्याला नाव-गाव विचारायचं नाही, हा नियम. त्यामुळे बर्फात अडकलेला हिदिर उस्ता फरारी असावा की लग्नाळू, यावर आमच्या बायकांनी तीन दिवस डोकी शिणवली. त्याच्या गाढवावर कल्हईचा भाता ढळढळीत दिसत होता, ते सोडा.

चौथ्या दिवशी पाळी सातीची. वेली, तिचा नवरा, दोन महिन्यांपूर्वीच गेलेला. तिनं पहाटेच उंबरा झाडला, पण काठी तिचं दार ओलांडून सरळ मुखत्याराच्या, म्हणजे गावचा कारभार पाहणाऱ्या दुर्मुश आगाच्या दाराला जाऊन टेकली.

साती तशीच तरातरा गेली. "आगा, माझं दार दिसेनासं झालं का तुम्हाला?"

"वहिनी, तुझ्याच भल्यासाठी. घरात आहे काय तुझ्या? एक कोंबडी, तीही म्हातारी."

"उद्या म्हणाल, साती गावातच राहत नाही."

काठी काखोटीला मारून ती घरी आली आणि आपल्या दाराला टेकवली. गव्हाचा दलिया, परतलेला कांदा, वाडगाभर ताक आणि म्हाताऱ्या कोंबडीचं एक अंडं. एवढंच ताट.

पाहुणेघरात पोचते तो काय, आगाच्या घरचं ताट आधीच मांडलेलं. अख्खी भाजलेली कोंबडी, लोण्यात न्हालेला भात. भोवती बसलेल्या पुरुषांची नजर कोंबडीवरून हलेना. साती दारातच थबकली.

हिदिर उस्तानं दोन्ही ताटं पाहिली. पाहुण्यानं ताट निवडायचं नसतं, निवडलं तर एका घराचा अपमान.

"आज काठी कुणाच्या दारात आहे?" त्यानं विचारलं.

आगा दाढी खाजवत राहिला.

"सातीच्या," शेवटी कोपऱ्यातून आगाचा म्हातारा बाप म्हणाला. "मी डोळ्यांनी पाहिली."

उस्तानं सातीचं ताट पुढं ओढलं आणि रीतीप्रमाणे सगळ्यांना जेवायला बोलावलं. आगालाही चमचा बुडवावाच लागला. कोंबडी बिचारी गार होत राहिली.

ताट पुसून लख्ख झाल्यावर उस्ता उठला. "ताई, तुमच्या हाताला बरकत येवो."

"मला कसली दुवा देता," साती म्हणाली. "तुम्ही जेवलात, म्हणून माझं घर गावात राहिलं. अल्ला तुमचं भलं करो."

तिचा आवाज ओला झाला. तेवढ्यात दुर्मुश आगा घसा खाकरून म्हणाला, "बाकी ठीक होतं वहिनी, पण दलियात मीठ म्हणजे... गाढवानंही चाटायला नको."

वेली गेल्यापासून सगळे तिची कीवच करत; तिच्या कशालाच कुणी नावं ठेवली नव्हती. सातीनं डोळे पुसले, पदर सावरला.

"तोंड आधीच खारट असलं की असंच लागतं, भावोजी," ती म्हणाली आणि रिकामं ताट डोक्यावर घेऊन, भर चौकातून, मुद्दाम लांबच्या वाटेनं घरी गेली.