डोमाजींचे तीन फेरे

डोमाजी जमिनीवरून उठायचे तेव्हा हात टेकायचे नाहीत. सत्तरीला आलेला माणूस. ओट्यावर मांडी घालून बसलेला असायचा, आणि उठायची वेळ झाली की दोन्ही हात पाठीमागे घेऊन, एक पाय पुढे काढून, गुडघ्यांवर सगळा भार घेत सावकाश उभा राहायचा. चेहऱ्यावर कष्ट दिसत. मध्येच थांबायचे, श्वास घ्यायचे, पुन्हा वर यायचे. कुणी आधाराला पुढे झालं तर म्हणत, "राहू द्या गा. मले माहीत आहे रस्ता."

तांडापेठेतल्या आमच्या गल्लीत तेव्हा, म्हणजे एकोणीसशे सत्तरच्या पुढच्या वर्षांत, घरोघर हातमाग होते. सकाळी सहापासून मागांची खटखट सुरू व्हायची ती दिवेलागणीपर्यंत. डोमाजींनी चाळीस वर्षं खड्ड्यात पाय सोडून मागावर बसून नऊवारी पातळं विणली होती. अंगावर मांस नव्हतं, पाठीत किंचित बाक होता, छातीत कापसाच्या धुळीची कायमची घरघर. व्यायाम करणारा माणूस म्हणून कुणी त्यांच्याकडे बोट दाखवलं नसतं. पण रोज पहाट फुटली की ते नाईक तलावाकडे निघत आणि तलावाला तीन फेरे घालून परत येत. गल्लीतली माणसं हसत. दिवसभर मागावर पाय मारणाऱ्यांना आणखी चालायचं म्हणजे खुळेपणा वाटायचा. डोमाजी म्हणत, "मागावर पाय मागाचे असतेत. तलावावर माहे असतेत."

आम्ही त्यांच्या शेजारच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. वडील शाळामास्तर होते. ते हृदयविकाराने अचानक गेले, भाऊ भिलाईला नोकरीला लागला, आणि घरात आई आणि मी उरलो. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. दुपारी दोन ते रात्री नऊ कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडायचे. वय चौतीस. लग्नाचा विषय घरात निघेनासा झाला होता, आणि खरं सांगायचं तर मलाही त्याचं फारसं दुःख करायला सवड नव्हती.

वडील गेल्यावर आईने खाट धरली. आजार असा काही नव्हता. गुडघे दुखतात म्हणून बसून राहायची, बसून राहिली म्हणून गुडघे आणखी आखडायचे. साठीही उलटली नव्हती. मग एका सकाळी न्हाणीत पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. धंतोलीतल्या एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर तरुण होते, घाईत होते, पण निघताना त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हाड त्यांनी बसवलं आहे, आता चालवायचं काम घरच्यांचं. या वयात माणूस अंथरुणात जितके दिवस राहील तितकी पायातली ताकद आटत जाते, आणि ती आपोआप परत येत नाही. रोज उभं करा, रोज थोडं चालवा.

मी मान हलवली. घरी आल्यावर आईला उभं करायला गेले तर ती ओरडली. दुखण्यापेक्षा पुन्हा पडण्याची भीती जास्त होती. दुसऱ्या दिवशी तेच झालं. तिसऱ्या दिवशी मी नाद सोडला. मला एक वाजता निघायचं असायचं. त्याआधी पाणी भरायचं, स्वयंपाक करायचा, आईचं सगळं आवरायचं. तिला उभं करायला अर्धा तास लागायचा, उचलून बसवायला दोन मिनिटं. मी उचलत राहिले. चार महिने उचललं. लोक म्हणायचे, मास्तरांची सुमन आईचं किती करते. हे ऐकताना मला काहीच वाटत नसे. तेव्हा मला एकच गोष्ट हवी होती, झोप.

एके सकाळी आईला खाटेवर ठेवून वळले आणि कमरेत असं काही भरलं की मी दारातच बसले. उठता येईना. डोमाजी तलावावरून परत येत होते. त्यांनी मला पाहिलं, मग माझ्यावरून आत खाटेकडे पाहिलं. म्हणाले, "तुह्यी कंबर गेली का मग दोघीजणींले कोण उचलीन वं?"

मी रडले असते, पण तेवढंही त्राण नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ते फेरे संपवून आमच्याकडे यायला लागले. आमच्या घरात वडिलांची एक जड लाकडी खुर्ची होती. ती त्यांनी खाटेसमोर ठेवली आणि आईला सांगितलं की मास्तरीणबाई, खुर्ची धरून फक्त उभं राहायचं, चालायचं नाही. पाच अंक मोजायचे आणि बसायचं. आईने तोंड फिरवलं. ते अर्धा तास दारात बसून राहिले, इकडचं तिकडचं बोलले, सूत महाग झाल्याचं सांगितलं आणि गेले. असं आठ दिवस चाललं. आई त्यांच्या माघारी त्यांना यथेच्छ शिव्या घालायची. नवव्या दिवशी, बहुधा त्यांची कटकट मिटावी म्हणून, ती उभी राहिली. तीन अंकांपर्यंत. डोमाजींनी शाबासकी दिली नाही. म्हणाले, "उद्या चार."

उभं राहणं जमल्यावर त्यांनी टाचा उचलायला लावल्या. मग खाटेवर बसायचं आणि उठायचं, पाच वेळा. मग खुर्ची पुढे सरकवत दारापर्यंत. या सगळ्या वेळात ते आईपासून हातभर अंतरावर उभे असत, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. मला ते विचित्र वाटायचं. एक दिवस दारापाशी आईचे गुडघे लटपटले. ती खाली जाते आहे असं वाटून मी चुलीपासून धावले, आणि डोमाजी तसेच उभे. आईने खुर्चीची पाठ धरली, भयंकर कण्हली, आणि स्वतःला सावरलं. पण मी तोवर त्यांच्यावर तुटून पडले होते. तुमच्या घरचं माणूस असतं तर असे बघत उभे राहिला असता का, असं मी त्यांना विचारलं. वयाचा मान राखला नाही.

ते चप्पल घालून गेले.

त्या दिवशी मी ड्यूटीवर चुकीचे नंबर जोडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या ओट्यावर माफी मागायला गेले. ते कांडीवर सूत भरत बसले होते. मला बसायला सांगितलं आणि खाली बघूनच बोलायला लागले.

त्यांची बायको, बयना, मी कधी पाहिली नव्हती. आम्ही तिथे राहायला येण्याच्या आधीच ती गेली होती. ती विहिरीवर पडली आणि तिचा पाय मोडला. वैदूने बांधला, जेमतेम जुळला. पाय टेकला की ती कळवळायची आणि डोमाजींना ते बघवत नसे. त्यांनी तिला खाली पाय ठेवूच दिला नाही. उचलून न्हाणीत न्यायचं, उचलून उन्हात बसवायचं, घास भरवायचा. माग सोडून दिवसातून दहा वेळा उठायचे. सारी तांडापेठ त्यांचं नाव घ्यायची. गल्लीतल्या बायका आपल्या नवऱ्यांना डोमाजीचा दाखला द्यायच्या.

"सहा वर्सं," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्साले तिचा चांगला पायही काडीवानी झाला. मग पाठीले जखमा झाल्या. मरायच्या आधी मले म्हणे, तुमी मले एक डाव पडू द्यायचं होतं." कांडी हातात तशीच राहिली. "मी मायेनं केलं वं. पण तिचे पाय मीच नेले."

मग त्यांनीच सांगितलं की आईचा तोल जाताना दिसला की त्यांचे हात आपोआप पुढे जातात. म्हणून ते बांधून ठेवावे लागतात. काल पहिल्यांदा त्यांना वाटलं होतं की हे आपल्याच्यानं होणार नाही.

मी माफी मागायला गेले होते, ती तशीच राहिली. मी घरी आले आणि आईला म्हणाले, खुर्ची धर.

यानंतर सगळं भराभर सुधारलं असं मी सांगणार नाही. वर्ष लागलं. मधे आईला ताप आला, पंधरा दिवस गेले, आणि कमावलेलं निम्मं वाहून गेलं. पुन्हा पाच अंकांपासून सुरुवात. मी कितीदा तरी चिडले, कितीदा तरी घड्याळाकडे बघत तिला पटकन उचललं आणि दिवसभर अपराधी वाटून घेतलं. डोमाजी त्यावर बोलत नसत. दुसऱ्या दिवशी येत. त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: "कालचं काल गेलं. आज किती उठबशा?" आईला झोप लागायला लागली, पोट साफ व्हायला लागलं, पायांवरची सूज ओसरली. न्हाणीत ती एकटी जायला लागली. ज्यांनी हे काम केलं आहे त्यांनाच कळेल की एक माणूस स्वतः न्हाणीत जातो म्हणजे दुसऱ्या माणसाच्या आयुष्यात काय मोकळं होतं. आणि एका सकाळी मी नळावरून घागर आणायला गेले तर आई खुर्चीशिवाय, काठीवर, आमच्या दारात उभी राहून समोरच्या बाईशी सांडपाण्यावरून भांडत होती. मी मधे पडले नाही.

गल्लीतले माग मात्र एकेक करून बंद पडत गेले. डोमाजींचा मुलगा खापरखेड्याच्या वीज केंद्रात कामाला लागला होता, त्याला क्वार्टर मिळालं, आणि त्याने बापाला घेऊन जायचं ठरवलं. डोमाजींनी कुरकूर केली नाही. जायच्या दिवशी ते आमच्याकडे आले. आईला एवढंच म्हणाले की आता विचारायला कोणी येणार नाही, तर तुम्हीच स्वतःले विचारत जा. आईने "हो" म्हटलं आणि ते गेल्यावर पदराने डोळे पुसले.

दोनेक वर्षांनी त्यांच्या मुलाकडून निरोप आला की बाबांची छाती फार बिघडली आहे. कापसाने जे करायचं ते केलं होतं. तलावाच्या फेऱ्यांनी ते थांबणार नव्हतं. मी एकटी जाऊन येते म्हटलं, तर आई लुगडं बदलून तयार. एस. टी.ची पायरी उंच होती. ती दोन्ही हातांनी दांडा धरून, मागच्या लोकांची बडबड ऐकत, चढली.

क्वार्टर छोटं होतं, खिडकीच्या गजांवर राखेचा थर. डोमाजी उशांना टेकून बसले होते. गाडीत जागा मिळाली का, हा त्यांचा पहिला प्रश्न. आईने सांगितलं की कोराडीपर्यंत उभीच होते. ते हसले, मग खोकला आला आणि मुलाने पाणी दिलं. त्याच्याकडून कळलं की इथेही ते कॉलनीच्या मैदानाला फेऱ्या घालत होते. गेल्या महिन्यापासून नुसते फाटकापर्यंत जातात.

निघायच्या वेळी मी त्यांना विचारलं, इतकी वर्षं रोज, तुम्हाला कधी कंटाळा आला नाही का? मला वाटलं होतं, ते काहीतरी शहाणपणाचं सांगतील.

"रोज कंटाळा ये," ते म्हणाले. "रोज वाटे का आज राहू दे."

"मग?"

"मग काही नाही. चप्पल घालो अन् निघो." श्वास घ्यायला थांबले. "मले वाटे, दुसऱ्याइले हुरूप येत असंन. मले तं कधी आला नाही."

परतीच्या गाडीत आई खिडकीशी बसली. मग म्हणाली, "तू लय थकून राहिली वं सुमन. घरी गेल्यावर भाकरी मी टाकतो. तू पड जरा." कित्येक वर्षांत मला असं कुणी म्हटलं नव्हतं. मी तिच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि शहर येईपर्यंत झोपले.

महिना उलटायच्या आत डोमाजींचा मुलगा सांगायला आला. आईने त्याला माझ्या वडिलांच्या खुर्चीवर बसवलं, सगळं ऐकून घेतलं. रडली नाही. शेवटी एकच गोष्ट तिने विचारली, की ते शेवटपर्यंत आपल्या पायांनी उठत होते का. तो म्हणाला, जायच्या तीन दिवस आधीपर्यंत.

"मंग बरं झालं," आई म्हणाली. आणि काठी घेऊन, त्याच्यासाठी चहा ठेवायला आत गेली.