स्टार्ट बटण नसलेल्या माणसाचा फोन

मंडळी, आज सकाळी एरंडोलला आमच्या घरचं इंटरनेट गेलं. दुपारी ताईची ऑनलाइन मुलाखत होती, म्हणून लगेच कस्टमर केअरला फोन लावला.

माझ्या लॅपटॉपवर विंडोज नाही, लिनक्स आहे; त्यात विंडोजसारखं स्टार्ट बटण किंवा कंट्रोल पॅनल नाही. पण ते सांगितलं की "सर, आम्ही फक्त विंडोजला सपोर्ट देतो" म्हणून फोन संपतो, हे मला माहीत आहे. त्यामुळे मी त्याबद्दल बोललोच नाही.

पलीकडची मॅडम म्हणाली, "स्टार्ट बटण दाबा."

मी खिडकीबाहेर बघत म्हणालो, "दाबलं."

"कंट्रोल पॅनल उघडा."

"उघडलं."

शेजारी बसलेले माझे वडील, आबा, माझ्याकडे बघतच राहिले. "खोटं कसाले बोलस रे?"

तेवढ्यात मॅडम थांबली. "सर, तुमच्याकडे लिनक्स आहे का?"

मी चाट पडलो. कसं ओळखलं, विचारलं.

"विंडोजवाल्यांना बटण सापडायला वेळ लागतो. तुमचं लगेच 'झालं' येतं."

आता ही फोन ठेवणार, असं वाटलं. पण ती हळूच म्हणाली, "सगळ्या स्टेप झाल्याशिवाय मला तक्रार पुढे पाठवता येत नाही. जरा सावकाश 'हो' म्हणा."

मग उरलेल्या स्टेप आम्ही दोघांनी अगदी मन लावून पार पाडल्या. लाइनमन आला, खांबावरची तुटलेली वायर जोडून गेला. ताई आत्ता आतल्या खोलीत मुलाखत देतेय.

पण एक कळत नाही. तिला माहीत होतं, मला माहीत होतं, आबांनाही कळलं होतं. मग ते नाटक आम्ही नेमकं कोणासाठी करत होतो?