बुध्या नाखवा परत येईपर्यंत

दिघीच्या धक्क्यावर लाँचमधून उतरलो, सवयीने तिकीटघराच्या पडवीतल्या फळ्याकडे बघितलं आणि तिथेच थांबलो. फळ्यावर परतीच्या लाँचची वेळ लिहिली होती, आणि ती खरी होती. सदूभाऊ तिकीटमास्तर असताना त्या फळ्यावर खरी वेळ कधी लिहिली गेली नव्हती. लाँच पाचला सुटणार असेल तर तो साडेचार लिहायचा, कारण त्याच्या मते दिघीची माणसं अर्धा तास उशिरा येण्यासाठीच जन्माला आलेली होती. आणि जी चुकून वेळेवर येतील ती पडवीत बसून करणार काय? फळ्याची डावी बाजू बघणार. तिथे त्याची चित्रं असत. त्या दिवशी डावी बाजू नुकतीच धुतलेली, ओली आणि कोरी होती. खिडकीतला नवा, कोवळ्या मिशांचा मास्तर म्हणाला, "सदूभाऊ गेले गेल्या आठवड्यात. झोपेतच." मग माझ्याकडे नीट बघून, "तुम्हीच का ते चित्रांखाली शब्द लिहिणारे मास्तर?" मी हो म्हणालो. खरं तर नाही म्हणायला हवं होतं. माझे बहुतेक शब्द सदूभाऊने अंगठ्याने पुसून टाकलेले होते...

मुरूडची नवाबी संपून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा माझी दिघीच्या शाळेत नेमणूक झाली. दिवेआगरच्या सुपारीच्या वाडीत वाढलेला मी, खाडीच्या पाण्याचा मला अनुभव एवढाच की ते खारट असतं. मुरूडला लेखी हुकूम घेतला, आगरदांड्याहून लाँचमध्ये बसलो आणि दिघीला उतरताना एका हातात ट्रंक, दुसऱ्या हातात छत्री, अशा रुबाबात धक्क्याच्या पायरीऐवजी पाण्यात पाऊल ठेवलं. ट्रंक कोळ्यांनी काढली, मला नंतर काढलं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरलो तर पोरं तोंड दाबून बसलेली. धक्क्यावर जाऊन बघतो तर फळ्यावर मी. छत्री उघडलेली, धोतर फुग्यासारखं फुगलेलं, आणि शेजारून एक बोय मासा माझ्याकडे कौतुकाने बघतोय. मी तणतणत तिकीटघरात घुसलो. आत एक सडपातळ माणूस स्टोव्हला पंप मारत होता. मान वर न करता म्हणाला, "भांडायला आलायस ना? बस. चहा होतोय. खिशात खडू आहे का?" होता. मास्तरच्या खिशात दुसरं काय असणार? तो माझ्याकडून गेलेला पहिला खडू. त्यानंतर शाळेचे किती खडू धक्क्यावर झिजले ते विचारू नये; मुलांचं अक्षर मात्र त्या वर्षांत बिघडलं ते बिघडलंच.

बुध्या नाखवा जन्माला आला तो त्याच खडूतून. दर शनिवारी फळ्यावर चार चौकोन आणि त्यांत बुध्या. कोळीवाड्यातला एकमेव नाखवा ज्याला होडी लागते. पाण्यात शिरलं की मळमळायचं, म्हणून हा नांगर किनाऱ्यावरच टाकून होडीत बसून राही आणि बायकोला सांगे की समुद्रच आज पुढे सरकत नाही. जाळ्यात मासा सोडून सगळं सापडे. कधी नवाबाच्या शिपायाचा जोडा, कधी मतं मागायला आलेल्या पुढाऱ्याची टोपी, टोपीखाली खुद्द पुढारी. त्याची बायको चांगू वल्हं घेऊन त्याची वाट बघे, स्वागतासाठी नव्हे. बुध्याच्या मिशा दोन खेकडे समोरासमोर बसावेत तशा होत्या, आणि त्या कुणाच्या ते सगळ्या धक्क्याला माहीत होतं. काशीनाथ नाखव्याच्या. काशीनाथ स्वतः पडवीत उभा राहून लोकांना आपल्या मिशा आणि चित्रातल्या मिशा ताडून दाखवी. "माजीच हाय. पन मी मासं मारतो, यो मारत न्हाय, येवढाच फरक." त्याची बायको हौसाबाई डोक्यावर मासळीची पाटी घेऊन रोज लाँचने खाडीपलीकडे विकायला जाई. तिचं हसू धक्क्यावर सगळ्यात मोठं. ती हसली की लाँचचा तांडेल भोंगा द्यायचा विसरत असे.

आता माझी कला. एका शनिवारी सदूभाऊला ताप आला, त्याने चित्र अर्धं सोडलं आणि मला म्हणाला, "चांगूचे हात तेवढे रंगव." मी जीव ओतला. शाळेतला हिरवा खडू घेऊन चांगूच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत बांगड्या भरल्या. मागे सरकून बघितलं आणि मला वाटलं, ही काही साधी गोष्ट नाही. हौसाबाई आली, पाटी खाली ठेवली, कमरेवर हात दिला. "मास्तर, ही कोलीन हाय का कासारीन?" पडवी हसली. मला कळेना. मग तिने आपला उजवा हात माझ्या नाकासमोर धरला. मोकळा. डाव्यात हिरव्या बांगड्या, उजव्यात एक नाही. "लग्नात उजव्या हातच्या बांगड्या दर्याला दिल्या. त्यानं आमचा मानूस राखायचा, आमी ह्यो हात उघडा ठेवायचा. असं बोलनं झालंय त्याच्यासंगं. तुमच्या चांगूनं दिल्या न्हायत, म्हून तिच्या घोवाला होडी लागतं." गावात येऊन वर्ष झालं होतं, रोज त्या बायकांच्या हातून मासळी घेत होतो, आणि त्यांचे हात मी कधी बघितलेच नव्हते. सदूभाऊ तापातून उठून आला आणि त्याने चांगूचा उजवा हात अंगठ्याने हळूच मोकळा केला. एखाद्या पोरीच्या बांगड्या काढाव्यात तसा, खडूला दुखू नये असा...

दुसरा पराक्रम साखरेचा. खाडीवरचं दमट वारं पडवीत शिरलं की चित्र ओघळायचं. खडू साखरेच्या पाण्यात भिजवून ओला वापरला तर रेघ पक्की बसते, असं मी कुठेतरी ऐकलं होतं. मी चांगलं घट्ट पाणी केलं. रेघ अशी बसली की सदूभाऊने मला पहिल्यांदा शाबासकी दिली. दुपारी लाँचला आलेली माणसं बघतात तर बुध्याच्या मिशा चालताहेत. मुंग्या. नाकाच्या डाव्या बाजूने चढून उजव्या बाजूने ओळीने उतरत होत्या. काशीनाथने स्वतःच्या मिशा झटकून बघितल्या. तेव्हापासून साखरेचे उरलेले खडू एका डब्यात बंद झाले.

पावसात लाँच बंद, तसा बुध्याही बंद. नारळी पौर्णिमेला दर्यात नारळ पडला, होड्या निघाल्या आणि फळ्यावर बुध्याही निघाला. त्या वर्षी आम्हाला मोठी गंमत सुचली होती. बुध्या होडीत झोपतो, नांगर टाकायचा राहतो, आणि होडी वाहत वाहत अशा ठिकाणी जाते की चौथ्या चौकोनात नुसतं पाणी आणि मधे एक घोरणारा ठिपका. पुढच्या शनिवारी त्याला कुठे पोचवायचं यावर आम्ही वाद घालत होतो. मी मस्कतला नेत होतो, सदूभाऊ म्हणे मुंबईच्या गिरगाव चौपाटीवर, भेळवाल्याच्या पायाशी. दोन दिवसांनी वादळ आलं. बाकीच्या होड्या इकडेतिकडे बंदराला लागून परतल्या. काशीनाथची आली नाही.

फळ्यावर तो ठिपका तसाच होता. खेकड्याच्या मिशांचा माणूस पाण्यात हरवलेला, आणि ते आम्ही काढलेलं... शनिवार आला तशी माझी घालमेल सुरू झाली. मी सदूभाऊला म्हटलं, "त्याला घरी आण. आजच. मी हसवणारं लिहितो." तो म्हणाला, "आणि हौसाने विचारलं, तुझा आला, माझा कुठाय, तर काय लिहिशील?" मग पुसून टाक, दुसरं काहीतरी काढ, म्हटलं. "मग तिला वाटेल आपण विसरलो." बुडवायचं तर आम्हा दोघांच्या तोंडून निघालंच नाही. त्याने स्टोव्ह बंद केला. मग उठून त्याने चारही चौकोनांच्या मधल्या रेघा पुसल्या. एकच मोठं चित्र. रिकामा किनारा आणि चांगू. हातातलं वल्हं टेकलेलं. मी तिच्या तोंडी दोन ओळी लिहिल्या, चांगल्या होत्या असं मला आजही वाटतं. त्याने त्या पुसल्या. मी पुन्हा लिहिल्या. तो म्हणाला, "अरे, ती बोलत नाहीये."

त्यानंतरचे शनिवार स्वप्नात चालल्यासारखे गेले. लोक पडवीत येत, फळ्यासमोर उभे राहत आणि मग लाँचकडे जात. एकदा चांगू चुलीपुढे, भात उतू चाललेला. एकदा जाळं विणताना, जाळं वाढत वाढत दाराबाहेर गेलेलं, रस्त्यावर, पार पाण्यापर्यंत. लाँचचा मालक मुरूडहून आला आणि म्हणाला, अरे हे काय, उतारू रडत लाँचमध्ये चढतात, हसवायचं जमत नसेल तर पुसा. सदूभाऊने त्याला चहा दिला आणि काही पुसलं नाही. हौसाबाई पुन्हा पाटी घेऊन येऊ लागली होती. पोटाला सुटी नसते. फळ्याकडे मात्र ती बघत नसे, पाठ करून बसे. सदूभाऊ तिच्या पाठीकडे बघे. मला कळत होतं, हा माणूस सगळ्या धक्क्यासाठी नाही, त्या एका पाठीसाठी चित्र काढतोय, आणि बरं करतोय की वाईट हे त्याचं त्यालाच माहीत नाही.

मग एका शनिवारी त्याने साखरेचा डबा उघडला. खडू ओला केला आणि दाबून, फळा कुरकुरेपर्यंत दाबून काढलं. चांगू गुडघाभर पाण्यात उभी. उजवा हात पुढे केलेला, मोकळा, तळवा वर. माझ्या बांगड्या परत दे म्हणून दर्याकडे मागणारा. मी खडू खिशातून काढलाच नाही.

त्या दिवशी हौसाबाई वळली. का वळली कोण जाणे. पडवीतली सगळी गप्प झाली म्हणून असेल. पाटी डोक्यावरच होती. कितीतरी वेळ बघत राहिली. मग पाटी सावरायला तिने डावा हात वर केला आणि मी बघितलं, मागे एकदा हात न बघितल्याची शिक्षा म्हणून असेल, पण आता मला आधी हातच दिसत. डावा हातही मोकळा होता. सदूभाऊनेही बघितलं. ती त्याला म्हणाली, "सदूदादा, माजा न्हाय येत आता. मला ठावं हाय. तू तुज्याला आन."

"हौसा, मी कसा..."

"आन म्हनते ना. तिला किती उभी करशील पान्यात? तिचं पाय भिजलंत."

सदूभाऊने पुढच्या शनिवारची वाट बघितली नाही. लाँच उभी होती, उतारू उभे होते, तांडेल चुलीवर चहा टाकून आला होता. चांगूचा हात होता तिथेच ठेवून त्याने बाजूला होडी काढली, होडीत बुध्या, तोंड हिरवं पडलेला, काठावरून ओकणारा. जाळ्यात मासा नाहीच, एक फुटका माठ. आणि त्याच्या डोक्यावर वल्हं उगारलेली चांगू, डोळ्यांतून धारा. एक चांगू पाण्यात हात पसरलेली आणि दुसरी मारायला धावलेली, एकाच चित्रात दोघी. कुणाला ते चुकीचं वाटलं नाही. पडवीत आधी एक लहानसा आवाज झाला, हुंदका असावा असं वाटलं. हौसाबाई होती. हसत होती, गाल भिजलेले होते. म्हणाली, "वल्हं बारीक काढलंस. जाड काढ. लई वाट बघायला लावलीय त्यानं." सदूभाऊने वल्हं जाड केलं. ते जरा जास्तच जाड झालं.

बुध्या पुढेही बरीच वर्षं चालला, मला मुरूडला बदली मिळाल्यानंतरही. पुन्हा मळमळला, पुन्हा टोप्या पकडल्या, बिनशब्दांचा जास्त छान चालला असं लोक मला तोंडावर सांगत. फक्त एक झालं. तो साखरेचा हात काही केल्या जाईना. सदूभाऊ ओल्या फडक्याने पुसायचा, वाळला की हात वर. शेवटी त्याने नाद सोडला आणि नवीन चित्रं त्या हाताला सांभाळून काढू लागला. त्यामुळे पुढे बुध्या कुठेही जाऊ दे, बाजारात, कचेरीत, लग्नात, चित्राच्या कोपऱ्यात कुणाचा तरी एक हात असायचाच...

परवा सुपाऱ्या उतरवायला दिवेआगरला गेलो होतो, परतताना पुन्हा दिघीला थांबलो. नवा मास्तर बादली घेऊन फळा धूत होता. मला म्हणाला, "घासून घासून दमलो, हे जातच नाही. कसला खडू होता हो?" मी म्हटलं, साखरेचा. मी थट्टा करतोय असं वाटून तो हसला आणि तिकिटं फाडायला आत गेला. फळा ओला होता, काळाभोर, कोरा. हौसाबाई पडवीत बसली होती. केस पांढरे झालेत, पाटी मात्र तीच. मी तिच्या शेजारी टेकलो. ती म्हणाली, "ऊन आलं का दिसंल." खाडीवरून ऊन हळूहळू पडवीत सरकलं, फळ्याच्या कडा राखाडी झाल्या. आधी एक बोट आलं असं मला वाटलं. ती म्हणाली, न्हाय, मनगट आधी येतं. मग आम्ही तळवा येईपर्यंत बसलो.

वेळ फळ्यावर खरी लिहिलेली होती. लाँच बरोबर वेळेवर सुटली, आणि आमची दोघांची चुकली.