मूर्च्छेत मिटलेली पोथी

साप चावला यांना, आणि मला भीती वाटत होती पोथीची. हसा खुशाल.

आमच्या साखरा गावात श्रावणात मारुतीच्या देवळात दुपारी पोथी लागते. एकानं ओवी वाचायची, दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. नेम एकच: कथेतलं माणूस संकटात असताना पोथी मिटायची नाही. ते सुटेपर्यंत वाचायचं, शेतातली कामं खोळंबली तरी. नवी नवरी होते तेव्हा मी याला फार हसायचे. सातवी शिकलेली, म्हणजे जगातली सगळी अक्कल माझ्याच पदराला बांधलेली. सासूबाईंना विचारलं, "राजा रडून राहिला, अन् ऋषी त्याला दुसऱ्याच राजाची गोष्ट सांगून राहिले. त्यात आणखी तिसरी. सरळ काहून सांगत न्हाईत?" त्यांनी चिमटा काढला. "गप ऐक, शहाणे."

गेल्या श्रावणात अर्थ सांगायला मीच बसले होते. धाकटा राजपुत्र बाण लागून रणात मूर्च्छित पडलेला, आणि पुतण्या धावत आला. "काकू, काकाला सोयाबीनमधी साप चावला." पोथी कुणी मिटली, कुणी रुमालात गुंडाळली, कळलं नाही. जीपमध्ये यांचं डोकं माझ्या मांडीवर होतं, पापण्या जड होत चाललेल्या, आणि मला सारखा तो राजपुत्र दिसत होता. तो तिथं तसाच पडून आहे. त्याला कुणी उठवलेलं नाही.

हिंगोलीच्या दवाखान्यात यांना आत नेलं. डॉक्टर म्हणाले, इंजेक्शन दिलंय, आता वाट बघायची. बाहेर बाकावर बसून मी राजपुत्राचंच काहीबाही पुटपुटत होते. शेजारी एक अनोळखी बाई बसली होती, मांडीवर डबा धरून. "आजी, काय पुटपुटून राहिल्या?" सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मंग सांगा की पुढं. पोथी गावात ऱ्हायली, तोंड तर हाय."

सुरुवात केली. पण राजपुत्र उठायची वेळ जवळ आली की माझा धीर सुटे. मी त्याला उठवलं आणि आत हे उठले नाहीत तर? म्हणून आडवाटा काढल्या. औषधी आणायला निघालेल्या वीराला वाटेत कोण भेटलं, त्याची गोष्ट. मग डोंगराची. मग त्या डोंगरावर पूर्वी कोण राहायचं, त्याचीही. निम्मं मीच रचलं. ती मात्र दर वेळी विचारी, "मंग?" गोष्टीत गोष्ट काहून घालतात, ते सत्तरीत त्या बाकावर मला कळलं. घाबरलेल्या माणसाला तेवढाच आडोसा.

शेवटी सांगायला काही उरलं नाही. "उठला का न्हाई तो?" तिनं विचारलं. मी डोळे मिटले. देवाला म्हटलं, आता तुझं तू बघ. आणि तिला म्हणाले, "उठला."

"बरं झालं," ती म्हणाली आणि समोरच्या वॉर्डात गेली. तिचं कोण तिथं होतं, मला आजही ठाऊक नाही.

दार काही लगेच उघडलं नाही. बराच वेळ गेला. मग नर्स आली. "आजोबा पाणी मागून राहिले."

हे म्हणतात, "सुईनं वाचलो, तुझ्या बडबडीनं न्हाई." असेल. मी भांडत नाही. देव आला तर काहीतरी सांगायला येईल, अशी माझी समजूत होती. माझ्याजवळ तो ऐकायला येऊन बसला.