लेकाच्या पानावरची कॉफी

माझा लेक पुण्यात भाड्याच्या खोलीत गेला. कामावर आला नाही म्हणून कुणी दार वाजवलं, तोवर सगळं संपलं होतं. हार्ट, एवढंच डॉक्टर म्हणाले. लग्न व्हायचं होतं त्याचं. त्याला घेऊन आम्ही गावी, पिंपरी पेंढारला आलो आणि त्याच दिवशी मी ठरवलं, त्या शहरात परत पाय ठेवायचा नाही. खोलीतलं सामान माझ्या धाकट्या भावानं टेम्पोतून आणलं. गादी गेली, कपडे वाटले. कॉफीच्या मशीनला मात्र आमच्या हिनं कुणाला हात लावू दिला नाही.

दिवाळीला तो ते मशीन गाडीत घालून घरी आणायचा. दांड्याच्या वाटीत पावडर दाबून भरायची, बटण दाबलं की आतला छोटा पंप गरम पाणी त्या पावडरीतून जोरानं काढतो. काळी, घोटभर कॉफी. मला ती करपलेल्या शेंगदाण्यासारखी लागायची. हिला आवडायची. का त्यानं केली म्हणून आवडायची, ते मी कधी विचारलं नाही. तो गेल्यावर रोज सकाळी ही मशीन लावायची आणि त्याच्याच पुड्यातली पावडर घालून, भिंतीला टेकून एकटी प्यायची. पुडा तळाला गेला तशी थांबली. म्हणाली, "एका वेळची राहिलीय. वर्षश्राद्धाला त्याच्या पानावर ठेवायची."

आमच्याकडं गेलेल्या माणसाला जे आवडायचं ते त्याच्या पानावर वाढतात. कुणाच्या पानावर भजी, कुणाच्या तंबाखूची चिमूट. मग पान पत्र्यावर ठेवायचं. माझ्या बापाचं मी असंच केलं. लेकाचं करावं लागेल हे कुणी मनात आणतं का?

पण मशीन गळायला लागलं होतं. पंप नुसता घरघरायचा, तोटीतून कॉफीचे चार थेंब आणि बाकी पाणी आतूनच खालच्या ट्रेत.

भाऊ म्हणाला, "दादा, पुण्यात करून आणतो मी."

"मशीन पुण्याला जाणार नाय."

"तुला कोण चल म्हणतंय? मशीन मी नेतो."

"नाय म्हणलं ना."

"मग दुकानातली पुडी आण, दूध घालून कर. कावळ्याला काय कळतंय, राव?"

ही चुलीपाशी होती. मान वर न करता म्हणाली, "कावळ्यासाठी न्हाई करत मी."



मी चौथीतून शाळा सोडली. पण बोअरची मोटार, फवारणीचा पंप, ठिबक, शेतातलं सगळं मीच उघडतो आणि मीच लावतो. आजवर मिस्त्री बोलावला नाही. ह्या मशीनचे स्क्रू मात्र चांदणीसारख्या डोक्याचे, माझ्याकडं तसला पाना नव्हता. म्हणून मशीन पोत्यात गुंडाळून यष्टीनं जुन्नरला नेलं, फवारणीचे पंप दुरुस्त करणाऱ्याकडं.

त्यानं पोतं सोडलं आणि हसला. "आबा, हा पंप कुठल्या पिकाला?"

"उघड आधी."

त्यानं उघडलं. आत नळ्या आणि त्यांच्या मधोमध पितळेचा बारका व्हॉल्व्ह. तो म्हणाला, "हा बायपास. आपल्या पंपाला असतो तसाच. दाब लई झाला की पाणी माघारी सोडतो. ह्याच्यात क्षार धरलाय, म्हणून बसत न्हाई आणि आधीच सोडतोय."

"नवा मिळंल?"

"हितं? पुण्यात बघावा लागंल."

मी त्याचा चांदणीचा पाना मागून घेतला आणि मशीन परत पोत्यात घातलं.

क्षार आमच्याच बोअरचा. पुडा तळाला जाईपर्यंत ही रोज त्याच पाण्यावर मशीन चालवत होती. त्याच क्षारानं आमच्या ठिबकच्या नळ्या दर हंगामाला बुजतात. मग नळ्यांत ॲसिड सोडायचं, थांबायचं आणि धुऊन काढायचं. आमच्या भागात सगळे हेच करतात. मी व्हॉल्व्ह सोडवला, रबर काढून बाजूला ठेवलं आणि पितळ अन् आतली स्प्रिंग ठिबकच्या ॲसिडात टाकली. फेस आला, क्षार सुटला. संध्याकाळी काढून बघतो तर पितळ लाल पडलेलं, आणि स्प्रिंग उचलली ती बोटातच तुटली. ठिबक सगळं प्लॅस्टिकचं असतं, त्याला ॲसिड काही करत नाही. ही स्प्रिंग लोखंडाची होती.

मग फवारणीच्या गनमधली स्प्रिंग काढली, पक्कडीनं मापात तोडली, टोक कानशीनं घासून बसवली. बसली. पण धरते का, हे बघायचं कसं? वाटीत पावडर नसली की पाणी मोकळं वाहतं, दाबच येत नाही. पावडर तर एकाच वेळची. जुन्नरातून येताना आणलेली दुकानातली कॉफीची पुडी भरून बघितली, ती पाण्यात विरघळून गेली. बाजरीचं पीठ भरून बघितलं, तर लगदा होऊन वाटीची भोकंच बंद झाली, आणि पाण्याची वाट बंद झाली की व्हॉल्व्ह सोडणारच, ते त्याचं काम. त्यावरून काहीच कळेना.

भाऊ दारात उभा होता. "दादा, भाकरी बी थापतंय काय मशीन?"

सुईनं एकेक भोक मोकळं करत बसलो. श्राद्ध दुसऱ्या दिवसावर आलं होतं.

सकाळी पान वाढून झालं. भात, वरण, गवारीची भाजी, गुळाची पोळी. हिनं पुडा वाटीवर उपडा केला, कोपऱ्यात अडकलेली पावडर बोटानं काढली आणि दाबली. मला विचारलं, "धरंल ना?"

"धरंल," मी म्हणालो.

तिनं बटण दाबलं. पंपाचा आवाज जड झाला, तसा दाब आल्यावर होतो, आणि तोटीतून दाट, काळा थेंब लोंबला. ती कप धरून वाकली. तेवढ्यात आत काहीतरी खटकन वाजलं, आवाज हलका पडला आणि सगळं पाणी ट्रेत पडायला लागलं. थेंब तोटीलाच राहिला. मी बटण बंद केलं, परत चालू केलं. तेच.

 

तिनं दांडा सोडवला. वाटीतली पावडर भिजून काळी झाली होती. ती वाटी तिनं पानावर भाताशेजारी ठोकली, पावडरीची वडी जशीच्या तशी पडली. "उचला पान," मला म्हणाली, "उशीर व्हतोय."

मी शिडी चढलो. पत्र्यावर पान ठेवलं, भोवती पाणी फिरवलं. पावडरीतून अजून वाफ निघत होती. त्याच्या खोलीत हाच वास यायचा म्हणतात. मी ती खोली बघितली ती त्या एकाच दिवशी, आणि तेव्हा वासाकडं कुणाचं लक्ष होतं. कावळा येतो का ते बघायला मी वर थांबलो नाही.

खाली आलो तर ही ट्रेतलं पाणी मोरीत ओतत होती. मी पाना हातात घेतला. स्प्रिंग वाकडी बसली असणार, ती सरळ करता आली असती.

"ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "ठिवून द्या ते."

"कुठं ठिवू?"

तिनं ट्रे भिंतीला उभा केला आणि हात पुसत बाहेर गेली.