जड आवाजाचा गायक

अंबादास गेला, असं त्याच्या मुलानं फोनवर सांगितलं आणि खरं सांगतो, मला आधी हसूच आलं. आता काय करणार? त्या माणसाची आठवण तशीच यायची... महिना झाला, तरी अजून तशीच येते.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. सोलापुरात त्याच्या घरचा चादरींचा कारखाना होता, आठ यंत्रमागांचा. शेडला लागून एक खोली, तिथं त्याचा रेकॉर्ड प्लेअर. पलीकडे माग खडखडत असायचे आणि अलीकडे आम्ही दोघं कान लावून. त्याचा आतेभाऊ इंग्लंडात गिरणीत कामाला होता, तो तिथल्या एका रॉक बँडच्या रेकॉर्डी धाडायचा. गाणी तरी कसली, रेकॉर्डची बाजू संपली तरी गाणं संपायचं नाही! आणि त्या बँडातली माणसं सारखी बदलायची. आधी ड्रमवाला गेला, मग गिटारवाला. ऑर्गनवाला रुसून गेला आणि दोन रेकॉर्डींनंतर परतही आला. मी हळहळलो की अंबादास म्हणायचा, "अरे, विणकर बदलला म्हणून चादर बदलती व्हय? गायक हाय की आपला!" त्या गायकाच्या जड, संथ आवाजावर त्याचा लई जीव.

मग एकदा नवी रेकॉर्ड आली ती नेमकी कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी. लावली, तर आवाज पातळ, घाईघाईचा. अंबादास मटकन खाली बसला. "अय्यो... गायकाला पण काढलं रे!" कव्हरवरच्या पत्त्यावर त्यानं माझ्याकडून इंग्रजीत पत्र लिहून घेतलं. नव्या माणसाला घरी पाठवा, जुन्याला मानानं परत बोलवा! जुना गायक येत नाही तोवर रेकॉर्ड लावायची नाही, अशी शपथच घेतली पठ्ठ्यानं. दोन महिने तोंड पाडून बसायचा. इतकं जिवापाड जपलेलं वेड हा आता कायमचं सोडतो की काय, याची मला धास्तीच लागली.

आणि उत्तर आलं! खुद्द गायकाच्या हातचं, चार ओळींचं. बँडात कोण आलं, कोण गेलं, पण गायक पहिल्यापासून मीच आहे. माझं काय चुकलं ते कृपया कळवावं.

त्या दिवशीही सुट्टीच होती. अंबादासनं घाईनं जुनी रेकॉर्ड लावली. तिच्यातही तोच पातळ आवाज! त्यानं शेडमधल्या बंद मागांकडं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. आठ माग एकदम चालले की व्होल्टेज पडायचं आणि प्लेअर हळू फिरायचा. "आपल्याच मागांनी त्याला म्हातारा केला की रं!" हसून हसून आमची पोटं दुखली. माफीचं पत्रही मीच लिहिलं.

त्यानंतरही तो रेकॉर्ड लावायचा ती माग चालू असतानाच. "तो आवाज त्यांचा. ह्यो आपला," म्हणायचा.

परवा त्याच्या घरी गेलो. माग विकून कितीतरी वर्षं झालीत. वहिनींनी आपणहून रेकॉर्ड लावली. पातळ, धावता आवाज... तशा त्या पुढं झाल्या आणि फिरत्या रेकॉर्डच्या कडेवर त्यांनी अलगद बोट टेकलं.

"माग गेल्यापासून हे असंच ऐकायचे," म्हणाल्या. "रोज."

आवाज हळूहळू जड होत गेला. त्यांचं बोट दुखायला लागलं तेव्हा मी माझं टेकलं. बाजू संपेपर्यंत आम्ही आळीपाळीनं बोट धरून बसलो.